चांदीचे जुने हाफ डॉलर जमवताना: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते आणि बरीच वर्षं अमेरिकेचे जुने चांदीचे हाफ डॉलर जमवतेय. गणपतीला कुणी घरी आलं आणि कपाटातला अल्बम दिसला की प्रश्न सुरू होतात, मग त्यांच्या ओळखीतले कुणीतरी मेसेज करतात, आणि दर वेळी मी तेच तेच टाईप करत बसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आधी सोपे प्रश्न आहेत, किचकट प्रकार शेवटी. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. हाफ डॉलर म्हणजे ५० सेंटचं नाणं ना? मग दुकानात कधी दिसत कसं नाही?

हो, अर्धा डॉलर. अजूनही कायदेशीर चलन आहे, पण कुणी वापरत नाही. १९६४ मधे केनेडींचा चेहरा असलेलं नाणं आलं ते लोकांनी आठवण म्हणून घरात ठेवून दिलं, त्याच सुमाराला चांदी महागली म्हणून जुनीही नाणी लोकांनी दडवली, आणि एकदा गल्ल्यातून गेलेलं नाणं परत आलंच नाही. कॅशियरच्या ड्रॉवरमधे त्याला खणसुद्धा नसतो. हा क्वार्टरपेक्षा (२५ सेंटचं नाणं) मोठा असतो, ३०.६ मिलिमीटर, म्हणजे साधारण आपल्या राणीछाप रुपयाएवढा. हातात घेतलं की लगेच कळतं की हे काहीतरी "नाणं" आहे.

२. कुठल्या सालापर्यंतचे चांदीचे असतात?

हे पाठच करून टाका. १९६४ आणि त्याआधीचा कुठलाही असली हाफ डॉलर चांदीचाच. १८३७ पासून १९६४ पर्यंत टंच ९० टक्के, बाकी १० टक्के तांबं, वजन १२.५ ग्रॅम (१८७३ च्या आधी काही वर्षं वजन थोडं वेगळं होतं पण त्यात आत्ता शिरू नका). १९६५ ते १९७० चे ४० टक्के चांदीचे, वजन ११.५ ग्रॅम. १९७१ पासून रोजच्या वापराच्या नाण्यात चांदी शून्य, तांबं-निकेल, ११.३४ ग्रॅम. याला अपवाद आहेत, ते प्रश्न १५ मधे.

१९६५ मधे असं का झालं? ९० टक्केवाल्या हाफ डॉलरमधे साधारण ०.३६ ट्रॉय औंस (सोनं-चांदी मोजायचं माप, ३१.१ ग्रॅम) शुद्ध चांदी असते. म्हणजे चांदीचा भाव औंसाला १.३८ डॉलरच्या वर गेला की नाण्यातली चांदीच ५० सेंटपेक्षा महाग होते आणि मग लोक नाणी वितळवणार हे उघड आहे. भाव तिकडेच चालला होता म्हणून जुलै १९६५ मधे प्रेसिडेंट जॉन्सननी नव्या कायद्यावर सही केली, डाइम (१० सेंट) आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढली आणि हाफ डॉलरमधे तेवढी ४० टक्के ठेवली. आपल्याकडे हे आधीच होऊन गेलं होतं, १९४० मधे ब्रिटिशांनी रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली. आजीला "हा रुपया जुन्यासारखा वाजत नाही" असं म्हणताना ऐकलं असेल तर ते यामुळे.

३. साल न बघता पटकन ओळखता येतं का?

येतं. नाण्याची कड बघा. ९० टक्केवाला कडेने एकसारखा पांढरा असतो. तांबं-निकेलवाल्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ स्पष्ट दिसते, सँडविचमधल्या जॅमसारखी. ४० टक्केवाला मधेच कुठेतरी, राखाडी, कधी हलकी तपकिरी छटा, आणि सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो तो इथे. तेव्हा स्वयंपाकघरातला दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा काढा आणि आकडे प्रश्न २ शी जुळवा.

४. किती प्रकारच्या डिझाइनचे असतात?

पहिला हाफ डॉलर १७९४ चा. तेव्हापासून मोकळ्या केसांची लिबर्टी (स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून काढलेली बाई), मग कपडे नेसलेली, मग टोपीवाली, आणि १८३९ ते १८९१ बसलेली लिबर्टी. ही सगळी सुंदर आहेत आणि सुरुवातीला खिशाला परवडणारी नाहीत, म्हणून पुढे जाते.

१८९२ ते १९१५ बार्बर. टांकसाळीचा मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर याच्या नावावरून. डिझाइन ठीकठाक आहे, लोक उगाच नावं ठेवतात, पण ही नाणी खूप वापरली गेली त्यामुळे बहुतेक वेळा गुळगुळीत झालेलीच मिळतात आणि चांगल्या अवस्थेतला बार्बर मिळाला तर तो मिरवण्यासारखा असतो.

१९१६ ते १९४७ वॉकिंग लिबर्टी, अडॉल्फ वाइनमन याचं डिझाइन. ही माझी सगळ्यात लाडकी. झेंडा पांघरून उगवत्या सूर्याकडे चालत निघालेली बाई, हातात फांद्या, आणि मागच्या बाजूला खडकावर उभा गरुड, शेजारी खडकातून उगवलेलं पाइनचं रोपटं. पन्नास सेंटच्या नाण्यावर एवढी मेहनत कुणी करतं का, पण केली. १९८६ पासून निघणाऱ्या एक औंसाच्या सिल्वर ईगलवर हीच बाई परत घेतली, त्यामुळे बरेच जण ईगल बघून मग उलटे इकडे येतात.

१९४८ ते १९६३ फ्रँकलिन. पुढे बेंजामिन फ्रँकलिन, मागे फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल, तडा गेलेली, आणि घंटेच्या उजवीकडे एक पिटुकला गरुड, जो तिथे फक्त कायद्याने सक्ती होती म्हणून आहे. डिझाइनर जॉन सिनॉक नाणं निघायच्या आधीच १९४७ मधे वारला, उरलेलं काम गिल्रॉय रॉबर्ट्सने पूर्ण केलं. नाण्यावर सिनॉकची जेआरएस ही अक्षरं आहेत, तर तेव्हा काही लोकांनी आवई उठवली की ही जोसेफ स्टॅलिनची आहेत. अफवांना व्हॉट्सॲप लागत नाही.

१९६४ पासून केनेडी. नोव्हेंबर १९६३ मधे हत्या, डिसेंबरच्या शेवटी कायदा आणि मार्च १९६४ मधे नाणं लोकांच्या हातात, इतक्या झटपट सरकारी काम झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

५. सुरुवात कुठल्या सिरीजपासून करू?

फ्रँकलिन. सगळ्या सालांचा आणि टांकसाळींचा मिळून पूर्ण सेट फक्त ३५ नाण्यांचा, एकही नाणं असं नाही की ज्यासाठी कर्ज काढावं लागेल, आणि अल्बम भरत आलेला बघायचं सुख लवकर मिळतं. वॉकिंग लिबर्टीचा पूर्ण सेट ६५ चा आहे आणि त्यात प्रश्न ९ मधली महागडी मंडळी बसलीयेत. तरीही बाईच हवी असेल तर १९४१ ते १९४७ चा छोटा सेट करा, २० नाणी, त्याला लोक शॉर्ट सेटच म्हणतात.

आणि काहीच सेट न करता प्रत्येक डिझाइनचं एकेक चांगलं नाणं घेतलं तरी चालतं हो. कुणी परीक्षा घेत नाही.

६. मिंट मार्क म्हणजे काय आणि तो शोधायचा कुठे?

नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याचं छोटं अक्षर. फिलाडेल्फियाचं जुन्या हाफ डॉलरवर अक्षरच नाही, डेन्व्हर "डी", सॅन फ्रान्सिस्को "एस", न्यू ऑर्लिन्स "ओ", आणि नेवाडातलं कार्सन सिटी "सीसी", ते फक्त बसलेल्या लिबर्टीवर.

जागा बदलत राहते तिथेच लोक अडकतात. बसलेली लिबर्टी आणि बार्बरवर मागच्या बाजूला गरुडाच्या खाली. फ्रँकलिनवर घंटा ज्या लाकडी दांड्याला टांगलीय त्याच्या वर मधोमध. १९६४ च्या केनेडीवर मागच्या बाजूला गरुडाच्या फांदीवाल्या पायापाशी, १९६५ ते ६७ कुठलाच नाही, १९६८ पासून पुढच्या बाजूला मानेखाली. वॉकिंग लिबर्टीवर मागे डावीकडे खाली काठाजवळ, पण १९१६ मधे तो पुढच्या बाजूला होता आणि १९१७ मधे मधेच मागे हलवला. म्हणून १९१७ चे डी आणि एस दोन-दोन प्रकारचे मिळतात आणि पुढच्या बाजूला अक्षर असलेला सहसा महाग असतो. १९१७ चा दिसला तर दोन्ही बाजू बघितल्याशिवाय परत ठेवू नका.

७. नाण्यात नक्की किती चांदी आहे आणि तिची किंमत कशी काढू?

९० टक्केवाल्यात ११.२५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे ०.३६१७ ट्रॉय औंस. आपल्या भाषेत तोळ्याला थोडी कमी, कारण तोळा ११.६६ ग्रॅमचा. (तोळा तेवढाच का, तर कंपनीच्या रुपयाचं वजनच तेवढं होतं.) त्या दिवशीचा औंसाचा भाव गुणिले ०.३६१७ केलं की झालं. उदाहरणार्थ भाव ३० डॉलर धरला तर १०.८५ डॉलर. ४० टक्केवाल्याला ०.१४७९ ने गुणा, त्याच भावाला ४.४४ डॉलर येतात.

ढिगाने घेताना डीलर छापील किमतीवर बोलतात, "एक डॉलर फेस" म्हणजे दोन हाफ. नव्या कोऱ्या एक डॉलर फेसमधे ०.७२३४ औंस असतं पण झिजलेल्या नाण्यांसाठी बाजारात ०.७१५ धरतात. गुळगुळीत झालेल्या बार्बरमधे तेवढंही भरत नाही, म्हणून ढिगात बार्बर जास्त असतील तर वजन करून घ्या.

८. मग नाण्याची किंमत चांदीच्या भावाएवढीच का?

काहींची हो, काहींची अजिबात नाही, आणि मला वाटतं या छंदात शिकायचं ते मुख्यतः हेच. प्रत्येक नाण्याला दोन भाव असतात, एक मोडीचा आणि एक नाण्याचा. मोडीचा भाव सराफ सांगेल. नाण्याचा भाव साल, मिंट मार्क आणि अवस्था यावर ठरतो आणि तो तुम्हालाच माहीत असावा लागतो, समोरचा सांगेलच असं नाही.

१९६४ चा केनेडी, १९५० नंतरचे वापरलेले फ्रँकलिन, १९४० च्या दशकातले झिजलेले वॉकिंग, ही मोडीच्याच आसपास विकली जातात, यांना इथे जंक सिल्वर म्हणतात. नावावर जाऊ नका, चांदी खरीच असते. नवशिक्याने आधी यातलंच थोडं घ्यावं कारण इथे फसलात तरी चांदी हातात राहते. याउलट जास्तीचे पैसे नाण्याच्या भावासाठी मोजताना आपण नेमकं कशासाठी मोजतोय हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "जुनं आहे" हे ते वाक्य नाही.

९. १९२१ चा हाफ डॉलर एवढा महाग का? आणि तुम्ही म्हणता त्याचा भारताशी संबंध आहे, तो काय?

हा माझा आवडता प्रश्न, जरा सविस्तर सांगते. १९२१ मधे डेन्व्हरने फक्त २,०८,००० हाफ डॉलर पाडले, वॉकिंग लिबर्टीतला सगळ्यात कमी आकडा, आणि फिलाडेल्फियाने २,४६,०००. सॅन फ्रान्सिस्कोने ५,४८,००० पाडले, पण तो कोऱ्या अवस्थेत जवळजवळ मिळतच नाही. तेव्हा मंदी होती, सुट्ट्या नाण्यांना मागणी नव्हती, हे एक कारण. दुसरं असं की टांकसाळी त्या वर्षी चांदीचे अख्खे डॉलर पाडण्यात बुडालेल्या होत्या, आठ कोटींच्या वर पाडले.

एवढे डॉलर अचानक कशाला? कारण १९१८ मधे पिटमन कायद्याखाली सरकारने २७ कोटी जुने चांदीचे डॉलर वितळवले होते आणि तेवढे परत पाडायची कायद्यात अट होती. आणि वितळवले कशासाठी, तर बरीचशी चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानसाठी हवी होती. पहिलं महायुद्ध चालू, कागदी नोटांच्या बदल्यात सरकार चांदीचे रुपये देऊ शकणार नाही अशा बातम्या जर्मन पसरवत होते, लोक नोटा घेऊन रुपये मागायला येत होते आणि तिजोरीत चांदी संपत आलेली. मग अमेरिकेची चांदी जहाजातून आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये झाले.

म्हणजे तुमच्या आजोळी देव्हाऱ्यात १९१८ ते १९२० चा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर त्यात वितळलेला अमेरिकन डॉलर असण्याची चांगली शक्यता आहे, आणि तो डॉलर भरून काढण्याच्या नादात इकडे हाफ डॉलर कमी पडले. पुढेही बराच काळ दुष्काळच होता, १९२२ चा हाफ डॉलर नाहीच, १९२४ ते २६ नाही, १९३० ते ३२ नाही.

१०. नाणं काळं पडलंय. पितळ-चांदीची भांडी घासतो तसं घासू का?

नाही. नाही. नाही.

आता कारण सांगते. काही वर्षांपूर्वी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, दिवाळी होती, लक्ष्मीपूजनाला चांदीची नाणी मांडायची म्हणून त्यांनी माझ्या अल्बममधले आठ वॉकिंग लिबर्टी काढले आणि टूथ पावडर लावून लख्ख केले. मी ऑफिसमधून आले तर ताटात आरशासारखी चमकणारी नाणी, आणि त्या एवढ्या खूश की बोलायची सोयच नव्हती. मी "छान दिसतायत हो" म्हणाले आणि आत जाऊन पाणी प्यायले. त्यातलं एक १९१७ चं पुढच्या बाजूला एस असलेलं होतं (प्रश्न ६). डीलरने भिंगाखाली बघितलं, केसासारख्या बारीक रेघा, आणि त्याची किंमत होती त्याच्या निम्म्याहून खाली आली. ते आठही अजून माझ्याकडे आहेत, आता दर लक्ष्मीपूजनाला तेच मांडते.

नाणं पाडताना धातूवर येणारी मूळ झळाळी घासून एकदा गेली की परत येत नाही, आणि नंतर आणलेली चमक जाणकाराला लगेच कळते. काळा-निळा-सोनेरी थर तर कधी कधी किंमत वाढवतो. चिकटपणा किंवा हिरवट तेलकट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमधे बुडवून, न घासता, तसंच वाळू द्यायचं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ करू नका.

११. ठेवायची कशात?

जी प्लास्टिकची पाकिटं मऊ असतात आणि वास मारतात ती पीव्हीसीची, त्यांनीच तो हिरवा थर येतो. मायलरची पाकिटं, पुठ्ठ्याचे खिडकीवाले चौकोन किंवा एअरटाइट कॅप्सूल घ्या. नाणं नेहमी कडेने धरा. अल्बम बेसमेंटमधे ठेवू नका, न्यू जर्सीचा उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा यात दमटपणाचा फारसा फरक नाही. सिलिका जेलची पुडी टाका.

१२. एमएस-६५, व्हीएफ-२० हे काय असतं? आणि स्लॅब?

अवस्थेचे गुण, १ ते ७०. अक्षरं म्हणजे अवस्थेचं नाव, एमएस म्हणजे मिंट स्टेट (न वापरलेलं), व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन (वापरलेलं पण बऱ्यापैकी). ६० च्या खालचं वापरलेलं, ६० आणि वर न वापरलेलं. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन कंपन्या नाणं तपासून, ग्रेड देऊन, बंद प्लास्टिकच्या डबीत घालून देतात, ती डबी म्हणजे स्लॅब. साफ केलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, "डिटेल्स" असा शिक्का येतो, सासूबाईंची नाणी तशीच.

फ्रँकलिनमधे एक जास्तीची भानगड आहे, घंटेच्या खालच्या भागातल्या आडव्या रेघा अखंड उमटल्या असतील तर त्याला फुल बेल लाइन्स म्हणतात आणि किंमत उडी मारते. १९५३ एस हे याचं ठरलेलं उदाहरण, साधं नाणं सहज मिळतं पण रेघा पूर्ण असलेलं शोधून दमाल. वॉकिंगमधे बाईचं डोकं आणि फांदी धरलेला हात बघा, सॅन फ्रान्सिस्कोची बरीच नाणी तिथे मुळातच पुसट पडलेली असतात, झिजलेली नसतात. हा फरक डोळ्याला कळायला शे-दोनशे नाणी बघावी लागतात, शॉर्टकट नाही.

पंधरा डॉलरच्या नाण्याला स्लॅब करून घेऊ नका, फी जास्त होईल.

१३. बँकेतून रोल आणून त्यात चांदी सापडते म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, पण पूर्वीइतकं नाही. बँकेत छापील किमतीला हाफ डॉलरचे रोल मागायचे, एका रोलमधे २० नाणी, १० डॉलर. अख्खी पेटी मागवली तर ५० रोल, हजार नाणी, ५०० डॉलर. मग घरी बसून कडा बघायच्या (प्रश्न ३). मिळालं तर बहुतेक ४० टक्केवालं मिळतं, कारण लोकांनी ९० टक्केवाली वेचून काढली आणि ही सोडून दिली. अख्खी पेटी कोरडीही जाते. पैसे बुडत नाहीत, नाणी परत भरता येतात, फक्त ज्या बँकेतून घेतली तिथेच परत नेऊन ओतू नका, टेलर वैतागतात आणि पुढच्या वेळी नाही म्हणतात. त्यापेक्षा दुसऱ्या ब्रँचला जमा करा.

१४. नकली असतात का? कसं ओळखायचं?

भरपूर. ऑनलाइन "१८०१ चा हाफ डॉलर फक्त २० डॉलर" दिसला तर तो नकलीच. वजन (प्रश्न २), जाडी आणि घेर मोजा. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण न चिकटणारे नकली पण असतात त्यामुळे ही फक्त पहिली चाळणी. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकं टिचकवलं की ९० टक्के चांदी लांबपर्यंत किणकिणते, आपले सराफ बंदा रुपया वाजवून घ्यायचे तेच हे. जमिनीवर आपटून नाही हां.

खरा धोका वेगळा आहे. नाणं असली पण अक्षर नकली. १९३८ चा फिलाडेल्फियाचा साधा हाफ घ्यायचा आणि त्यावर "डी" चिकटवायचा, कारण १९३८ डी फक्त ४,९१,६०० निघाले आणि महाग आहेत. यात वजन, चुंबक, आवाज सगळं बरोबर येतं. म्हणून मोठ्या किमतीचं दुर्मिळ नाणं स्लॅबमधलंच घ्या आणि स्लॅबचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा.

१५. १९७० नंतरचं पण चांदीचं असू शकतं का? माझ्याकडे १७७६–१९७६ लिहिलेलं आहे.

असू शकतं. ते स्वातंत्र्याच्या दोनशे वर्षांचं नाणं. बहुतेक सगळी तांबं-निकेलची, पण सॅन फ्रान्सिस्कोने काही ४० टक्के चांदीची संग्राहकांसाठी पाडली. एस आहे म्हणून चांदी असा हिशोब करू नका, तांबं-निकेलचे प्रूफसुद्धा (संग्राहकांसाठी खास, आरशासारखे चकचकीत पाडलेले) एसच आहेत. कड आणि वजन बघूनच ठरवा.

शिवाय १९९२ पासून संग्राहकांच्या सेटमधे चांदीचे प्रूफ केनेडी येतात, आधी ९० टक्के, २०१९ पासून ९९.९. आणि १९७० डी हा ४० टक्केवाला कधी चलनात आलाच नाही, फक्त टांकसाळीच्या सेटमधे दिला, त्यामुळे तो बँकेच्या रोलमधे सापडला तर कुणीतरी सेट फोडून खर्च केला असं समजा.

१६. १९६४ चा केनेडी लाखो रुपयांना विकला जातो असा व्हिडिओ आलाय. माझ्या काकांकडे आहे.

काकांना सांगा, ४३ कोटी निघाले. मोडीचा भाव मिळेल (प्रश्न ७). व्हिडिओतला तो एखादा असामान्य कोरा नमुना किंवा लिलावातलं भलतंच नाणं असतं. १९६४ च्या प्रूफमधे केसांची रेघ जास्त ठळक असलेला एक प्रकार थोडा जास्त जातो, पण तो लाखाचा नाही आणि काकांकडे तो नसणार.

१७. एकाच सालाचं, एकाच टांकसाळीचं नाणं तीन सरकारांनी पाडलं असं होऊ शकतं?

झालंय. १८६१ ओ. जानेवारीत न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ अमेरिकन सरकारकडे होती, मग लुइझियाना राज्याने ताब्यात घेतली, मग अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारकडे गेली, आणि तिघांनीही त्याच साच्यांनी पाडकाम चालू ठेवलं. एकूण २५ लाखांच्या वर, त्यातली जवळपास १२ लाख ४० हजार एकट्या राज्याच्या काळातली. अभ्यासक साच्यावरच्या तड्यांवरून कुठलं कुणाचं ते बऱ्यापैकी वेगळं करतात. १८६५ मधे बुडालेल्या एसएस रिपब्लिक जहाजातून हे ढिगाने वर आले, समुद्राच्या पाण्याने खाल्लेले, आणि तसेच विकले जातात. मी एक घेतलंय, कुरूप आहे, पण आवडतं.

१८. नाणी भारतात नेली तर? किंवा आजोबांचे रुपये इकडे आणले तर?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात नेताना, नाणं हा दागिना नाही, त्यामुळे दागिन्यांवरची सूट त्याला लावून घेऊ नका, जाहीर करा आणि निघायच्या आधी त्या वेळचे नियम बघा, ते बदलत असतात.

भारतातून बाहेर काढताना जास्त गंभीर आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू आहे आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया आठवण म्हणून पर्समधे टाकून आणायचा नाही, तो तिकडे देव्हाऱ्यातच राहू दे. आणि हो, यात नाणं कुठल्या देशाचं याने सुटका होत नाही. १९१७ चा वॉकिंग लिबर्टी कौतुकाने पुण्याला दाखवायला नेला तर परत आणताना हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो. फोटो दाखवा ना.

१९. विकताना टॅक्स लागतो का? आणि विकायची कुठे?

अमेरिकेत नाणी "कलेक्टिबल्स" मधे येतात, वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकली तर केंद्राचा दर जास्तीत जास्त २८ टक्के, शेअर्सपेक्षा जास्त. म्हणून खरेदीची प्रत्येक पावती ठेवा, त्यावर साल आणि मिंट मार्क लिहून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी कुठली पावती कुठल्या नाण्याची ते देवालाच माहीत. जंक सिल्वर लोकल कॉइन शॉपला द्या, दोन-तीन ठिकाणी विचारून. दुर्मिळ असेल तर कॉइन शो किंवा लिलाव. सोनं विकत घेणाऱ्या दुकानात नाणी नेऊ नका, तिथे फक्त मोडीचा भाव करतात आणि त्यातही कापतात (प्रश्न ८).

२०. फोटो पाठवला तर किंमत सांगाल का?

अंदाज सांगेन. पण नाणं मुठीत धरून, ट्यूबलाइटखाली, साल बोटाने झाकून काढलेला फोटो पाठवू नका, असे आठवड्याला तीन येतात. पुढची बाजू, मागची बाजू, कडेचा एक, आणि वजनाचा आकडा. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणं पुसू नका.